दोन टायर ‘एच’, दोन ‘टी’ : चालेल का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : नाशिकच्या एका वाचकाकडे साडेचार वर्षांची, पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक आहे. गाडी ४१ हजार किलोमीटर झाली. गाडीबरोबर आलेले टायर १८५/६५ आर १५ ८८एच या मापाचे. पुढचे दोन घासून गोटा व्हायला आलेत, मागच्या दोनांत अजून ५ मिलिमीटर नक्षी शिल्लक आहे, स्टेपनी एकदाही वापरलेली नाही. टायरवाल्याकडे त्याच मापाचे, पण दुसऱ्या कंपनीचे ‘८८टी’ टायर आहेत आणि जोडीमागे अकराशे रुपये वाचतात. “एकशेनव्वदचा टायर आहे साहेब, तुम्ही शंभरच्या वर जाता तरी का? बिनधास्त पुढे टाका,” असं तो म्हणतो. मेव्हणे म्हणतात की वेगळ्या अक्षरांचे टायर एका गाडीला लावले तर गाडी पलटी होते. कुठे वाचलं की कमी अक्षराचे टायर पुढे लावावेत, कुठे वाचलं की नवे टायर नेहमी मागे लावावेत. मुलगी नागपूरला शिकते, त्यामुळे दर महिना-दीड महिन्याला समृद्धीवरून फेरी असते. पावसाळा तोंडावर आहे. ‘टी’ घेऊ का? घेतले तर पुढे लावू की मागे? की एक नवा आणि एक स्टेपनी अशी जोडी करून भागवू?

उत्तर :

तुमचा टायरवालाही अर्धा बरोबर आहे आणि मेव्हणेही अर्धे बरोबर आहेत. ‘टी’ टायर १९०ला टिकतो आणि समृद्धीवर कारची मर्यादा १२० आहे, तेव्हा वेग सोसण्याच्या बाबतीत तो तुम्हाला पुरून उरेल. आणि अक्षरं वेगळी आहेत एवढ्यावरून कुठली गाडी पलटी होत नाही. दोघंही टायरकडे एकेकटा म्हणून बघताहेत, गडबड तिथे आहे. गाडी चार टायरवर उभी असते. वळणावर किंवा अचानक ब्रेक दाबल्यावर पुढची जोडी आणि मागची जोडी एकमेकींशी जुळवून घेते की नाही, यावर सगळं ठरतं. ‘१९० पुरेसं आहे का’ याचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून हा दुसरा प्रश्न सुटत नाही.

आधी त्या अक्षराचा अर्थ बघू. टायरच्या बाजूवर रोमन लिपीत जे लिहिलेलं असतं त्यातला ८८ हा आकडा भाराचा आहे : एक टायर ५६० किलो पेलू शकतो. त्यापुढचं अक्षर वेगाचं. क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, आर १७०, एस १८०, टी १९०, यू २००, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. (‘एच’ ओळ सोडून मध्येच घुसलाय, कारण एस, एच आणि व्ही ही तीन अक्षरं आधी ठरली. बाकीची नंतर बसवली.) हा आकडा येतो प्रयोगशाळेतून. नवा कोरा टायर कमाल भाराच्या ८० टक्के वजनाखाली फिरत्या ड्रमवर चालवतात, दर दहा मिनिटांनी वेग दहा किलोमीटरने वाढवत नेतात आणि शेवटच्या टप्प्यावर वीस मिनिटं ठेवतात. टायर तुटला-फाटला नाही की अक्षर मिळालं. तासाभराची परीक्षा, तीही योग्य हवा भरलेल्या, एकही खड्डा न खाल्लेल्या टायरची. द्वारका चौकातले खड्डे, मागच्या सीटवर तीन माणसं, डिकीत नागपूरला पाठवायचा तांदूळ आणि महिनाभर न तपासलेली हवा हे त्या परीक्षेत नसतं.

परीक्षेत टायर मरतो तो उष्णतेने. जमिनीला टेकलेला भाग दर फेऱ्याला चपटा होतो आणि पुन्हा गोल होतो, त्यातून रबर तापतं. तुमच्या मापाचा टायर १२०च्या वेगाला सेकंदाला साधारण १७ वेळा असा चेपला जातो. सिन्नरजवळून समृद्धीवर चढून नागपूरला उतरेपर्यंत पाचशेहून अधिक किलोमीटर होतात, म्हणजे एका बाजूच्या प्रवासात अडीच लाखांहून जास्त फेरे. वरचं अक्षर मिळवायला कंपनी ही उष्णता आणि त्या वेगाला टायर बाहेरच्या बाजूला फुगण्याची ओढ आवरते. पोलादी पट्ट्यांवर नायलॉनचा पट्टा गुंडाळते, कधी दुहेरी. रिमजवळचा रबराचा भराव कडक ठेवते. नक्षीचं रबर कमी तापणारं वापरते. हे केलं की टायर एकूणच ताठ होतो. स्टीअरिंग वळवल्यावर तो चटकन बाजूला जोर धरतो, कमी मुरडतो.

म्हणून ‘एच’ आणि ‘टी’ यांतला फरक १२०च्या वेगालाही असतो, ६०लाही असतो. तुम्ही २०० पळवत नाही हा मुद्दा इथे गैरलागू आहे.

एक कबुली मात्र द्यायला हवी. एकाच मापातल्या ‘टी’ आणि ‘एच’मधला ताठपणाचा फरक कधी अगदी थोडा असतो, आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या ‘एच’ टायरमधला फरक कधी त्याहून मोठा निघतो. अक्षर ही एक खूण आहे, टायरचा सगळा स्वभाव त्यात सांगितलेला नसतो. तुमच्या बाबतीत तर अक्षरही वेगळं, कंपनीही वेगळी, नक्षीही वेगळी आणि झीजही वेगळी. चार फरक एकाच दिशेने साचले तर जाणवतील, एकमेकांना काटले तर जाणवणारही नाहीत. दुकानात उभं राहून ते सांगता येत नाही, कळतं ते कसारा घाटाच्या ओल्या उतारावर.

आता पुढे-मागेचा घोळ. तुम्ही वाचलेली दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि दोन्हींमागचं कारण एकच आहे : मागची चाकं पुढच्यांच्या आधी सुटता कामा नयेत. पुढची चाकं सुटली तर गाडी वळणाच्या बाहेर सरळ जाऊ लागते. घाबरलेला माणूस आपोआप ॲक्सिलरेटर सोडतो, वजन पुढे येतं, पकड परत मिळते. मागची सुटली तर गाडीचं शेपूट बाहेर येतं, आणि अशा वेळी पाय आपोआप ब्रेकवर जातो. तिथेच गाडी गरकन फिरते. हे सावरायला सराव लागतो, तो घरोघरच्या चालकाला नसतो आणि असायची अपेक्षाही नको. तेव्हा जास्त ताठ, जास्त पकडणारी जोडी मागे हवी. गाडी पुढच्या चाकांवर चालते की मागच्या, याने यात काही बदलत नाही. म्हणून पहिला नियम : अक्षरं मिसळावीच लागली तर खालचं अक्षर पुढे, वरचं मागे. आणि पाण्यावर तरंगायचं टाळण्याचं काम नक्षीच्या खोलीचं, म्हणून दुसरा नियम : जास्त नक्षीची जोडी मागे.

बहुतेक वेळा दोन्ही नियम एकाच बाजूला बोट दाखवतात. तुमच्याकडे ते उलटे पडलेत. नवे टायर ‘टी’ आहेत, म्हणजे पहिल्या नियमाने ते पुढे. पण ते नवे आहेत, म्हणजे दुसऱ्या नियमाने ते मागे. मागे लावले तर पाण्यात बरं, पण कोरड्या रस्त्यावर ट्रॅक्टरची ट्रॉली अचानक आडवी आली आणि झटकन स्टीअरिंग ओढावं लागलं, तर पुढचे ताठ ‘एच’ पटकन वळणार आणि मागचे मऊ ‘टी’ मागाहून डोलत येणार. त्यातून नव्या टायरची नक्षी खोल, तिचे रबराचे ठोकळे उंच, ते आणखी मुरडतात. पुढे लावले तर कोरड्यात ठीक, पण इगतपुरी-घोटीच्या पावसात पुढची नवी, आठ मिलिमीटरची नक्षी पाणी कापत जाईल आणि मागच्या पाच मिलिमीटरच्या नक्षीला ते जमेलच असं नाही. पुढून स्टीअरिंग घट्ट लागतंय म्हणून चालकाला सगळं आलबेल वाटत राहतं.

हा पेच कुठली जोडी कुठे लावायची या हिशेबाने सुटणारा नाही. तो सुटतो टायर विकत घेताना : ‘टी’ घेऊच नका.

तुमच्यासाठी माझा पहिला पर्याय असा : १८५/६५ आर १५ ८८एच, शक्य तर आत्ता मागे आहेत त्याच कंपनीचे आणि त्याच नक्षीचे, दोन नवे. हे दोन नवे मागे, मागचे ५ मिलिमीटरवाले पुढे, गोटा झालेले भंगारात. हे माप आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना बसतं, ‘एच’मध्ये मिळायला अडचण येऊ नये. एका दुकानात नसेल तर मुंबई नाका, सातपूर, नाशिकरोड अशी दोन-चार ठिकाणी फोन करून विचारा आणि विचारताना फक्त ‘पंधराचा टायर आहे का’ असं विचारू नका. माप, भाराचा आकडा, अक्षर आणि नक्षीचं नाव हे चारही सांगा. चार दिवस थांबावं लागलं तर थांबा. त्या चार दिवसांत नागपूरची फेरी असेल तर रेल्वेने जा.

अकराशे रुपयांचं म्हणाल, तर जोडी ४० हजार किलोमीटर चालली तर तो फरक किलोमीटरमागे पावणेतीन पैसे पडतो. शिवाय ‘टी’ स्वस्त पडतात असं जे दिसतं त्यात एक छुपा खर्च आहे. अक्षरं मिसळली की पुढची-मागची अदलाबदल बंद होते. एरवी आठ-दहा हजार किलोमीटरला चाकं पुढे-मागे फिरवली की चारही टायर सारखे झिजतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे टायर ओढतात, वळतात आणि ब्रेकचा मोठा भारही घेतात, त्यामुळे फार लवकर संपतात. ‘टी’ कायम पुढे अडकले की ते लवकर झिजणार, आणि मागचे ‘एच’ नक्षी असूनही वयाने बाद होणार. अकराशे तिथेच गेले. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुना भाव डोक्यात ठेवून घासाघीस करू नका आणि पक्कं बिल घ्या. टायर फुगला, गाठ आली तर कंपनीकडे दाद मागायला तेच लागतं.

दुसरा पर्याय चारही नवे घेण्याचा. ५ मिलिमीटर नक्षी असताना तो मी तुम्हाला सुचवणार नाही. मागच्यांत ३ किंवा त्याहून कमी उरले असते तर मात्र दोनाचा विचारच सोडून द्या म्हटलं असतं. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालतं, पण ओल्या रस्त्यावरची पकड ३च्या खाली आल्यावर भराभर घसरते, आणि नाशिकहून मुंबईकडे किंवा त्र्यंबककडे जाणारा रस्ता चार महिने ओलाच असतो. चार बदलायचेच असतील आणि चारही ‘टी’ घ्यायचे असतील, तर आधी गाडीची पुस्तिका किंवा चालकाच्या दारालगतच्या खांबावरची पट्टी बघा. काही गाड्यांच्या खालच्या मॉडेलला कंपनीच ‘टी’ देते. तुमच्या मॉडेलला फक्त ‘एच’ लिहिलं असेल तर खाली उतरू नका. गाडी चालण्यायोग्य सुस्थितीत ठेवण्याची अट विम्याच्या पॉलिसीत असते, नुकसानभरपाईच्या वेळी सर्वेक्षकाशी वाद घालायला आपणहून कारण कशाला द्यायचं?

तिसरा पर्याय नाइलाजाचा. ‘एच’ खरोखरच मिळत नाहीत आणि पुढचे टायर आज बदलणं भागच आहे, तर ‘टी’ची जोडी पुढे लावा, ५ मिलिमीटरचे ‘एच’ मागेच राहू द्या. इथे मी अक्षराचा नियम नक्षीच्या नियमाच्या वर ठेवतोय, कारण मागच्यांत अजून पुरेशी नक्षी आहे. पुढचे भराभर झिजणार असल्याने खोलीतला फरकही महिन्यागणिक कमी होत जाईल. मागचे ४च्या खाली आले की मात्र ही सवलत संपली. तोवर पाऊस सुरू असताना समृद्धीवर ८०च्या वर जाऊ नका. आणि गाडीची कमाल मर्यादा आता सगळ्यात खालच्या अक्षराची, हेही लक्षात असू द्या. ‘टी’च्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही, पण कुणी ‘एन’ म्हणजे १४० किंवा ‘पी’ म्हणजे १५०चा व्हॅनचा टायर मापात बसतोय म्हणून कारला चढवला असेल तर बिघडतं. भर उन्हात तापलेल्या काँक्रीटवर, भरलेल्या गाडीत, हवा पाच-सहा पीएसआय कमी असताना १४०चा टायर १२०ला तासन् तास पळवला, तर कागदावरचं २०चं अंतर कुठल्या कुठे जातं.

आता तुमची स्टेपनीची कल्पना. ती वाटते तेवढी वेडगळ नाही. स्टेपनी ‘एच’ आहे, मागच्यांचीच जुळी आहे, पूर्ण नक्षीची आहे. तिला तसाच, त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा आणि त्याच अक्षराचा एक नवा टायर जोडीला मिळाला तर ती जोडी एका धुरेवर चालू शकते. रबर न वापरताही वयाने कडक होत जातं, पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर कितीही नवा दिसला तरी टाकून द्यावा असं टायर कंपन्याच सांगतात. आपल्या उन्हात सहा-सात वर्षांनी निरोप दिलेला बरा. म्हणजे साडेचार वर्षांची स्टेपनी डिकीत ठेवून ठेवून वाया घालवण्यापेक्षा रस्त्यावर आणणं शहाणपणाचंच. पण मग स्टेपनीच्या जागी काय जाणार? दोन मिलिमीटरचा गोटा. वर्षभर गंगापूर रोड ते अंबड एवढंच फिरणाऱ्याला तो चालून जाईल, पंक्चर झालं तर जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. तुम्हाला तोच गोटा घेऊन मेहकरच्या आसपास पावसात पुढचे तीनशे किलोमीटर काढावे लागतील. तुम्ही दोन घ्या.

एक ‘टी’ आणि एक ‘एच’ अशी जोडी एकाच धुरेवर मात्र कुणीच, कुठल्याच सबबीखाली लावू नका. ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढते, स्टीअरिंग डावीकडे वेगळं आणि उजवीकडे वेगळं लागतं, आणि ओल्यात ब्रेक मारताना एक चाक आधी घसरतं. एका धुरेवरचे दोन टायर माप, कंपनी, नक्षी, भार, अक्षर या सगळ्यांत एक हवेत.

दुकानात जाल तेव्हा घाई न करता काही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जुन्या टायरची नक्षी मोजताना फक्त बाहेरची कड बघू नका. आतली कड, मधला भाग, बाहेरची कड अशा तीन ठिकाणी मोजा. नक्षी मोजायचं छोटं गेज स्वस्तात मिळतं, नसेल तर काडेपेटीतली काडी खाचेत उभी घालून नखाने खूण करायची आणि पट्टीवर धरायची. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरचे. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. तुमचे मागचे टायर ५ आहेत म्हणता ते कुठे मोजले? आतली कड ३ निघाली तर वरचा सगळा हिशेब बदलतो, आणि अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीत आतलीच कड आधी जाते. पुढचे टायर ४१ हजारांतच संपले, तेव्हा हे बघायलाच हवं.

नव्या टायरवर आयएसआयची खूण बघा. शिवाय एका लंबगोलात टायर बनल्याच्या तारखेचे चार आकडे असतात : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२५ म्हणजे २०२५चा तेविसावा आठवडा. वर्षाच्या आतला टायर उत्तम, दोन वर्षांपर्यंत नीट ठेवलेला असेल तर चालेल, त्यापुढचा असेल तर दुसरा मागा. जोडीतल्या दोघांच्या तारखा शेजारच्या असाव्यात. टायरच्या एका अंगाला ‘आउटसाइड’ लिहिलेलं असेल तर ते अंग बाहेरच यायला हवं, आणि फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पुढे. हे उलटं बसवलेले टायर रस्त्यावर सर्रास दिसतात, कारण मशीनवरून उतरवताना पोरगा गप्पांत असतो. ट्यूबलेसचा रबरी व्हॉल्व टायरबरोबर नवाच घाला, त्याची किंमत चहाच्या दोन कपांएवढी असते आणि जुना चिरलेला व्हॉल्व हळूहळू हवा सोडून नवा टायर मारतो. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्वसमोर आणायचा, ती टायरची हलकी बाजू असते. त्याने बॅलन्सिंगला शिसं कमी लागतं. एका चाकाला फारच वजनं चिकटवावी लागत असतील तर टायर रिमवर अर्धा फिरवून पुन्हा बघायला सांगा.

चाकाचे नट हवेच्या गनने कचकचून आवळून देणं ही आपल्याकडची जुनी खोड. गनने फक्त टेकवायचे आणि शेवट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने करायचा, पुस्तिकेत दिलेल्या आकड्याएवढा. छोट्या गाड्यांत तो साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. जास्त आवळले तर ब्रेकची डिस्क वाकडी होऊ शकते, आणि पंक्चरच्या वेळी तुमच्या डिकीतला पाना ते सोडवू शकणार नाही. टायर बदलल्यावर अलाइनमेंट करायचीच. अलाइनमेंटचा छापील कागद मागून घ्या, आधीचे आणि नंतरचे आकडे त्यावर येतात. नवी जोडी मागे टाकली म्हणून पुढचं राहू देऊ नका, झीज तिथेच झालीय.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून. साच्यातून निघालेल्या टायरवर गुळगुळीत थर असतो, तो घासून गेल्याशिवाय पकड पूर्ण येत नाही. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जायचं असेल तर हे आधी उरकून घ्या.

हवेबद्दल थोडं विस्ताराने, कारण अक्षराच्या चर्चेत रंगलेले लोक नेमकं हे विसरतात, आणि टायर फुटण्यामागे अक्षरापेक्षा कमी हवाच कितीतरी अधिक वेळा सापडते. हवा कमी असेल तर टायरची बाजू जास्त चेपते, जास्त तापते, आणि ‘एच’चा टायर ‘क्यू’सारखा वागू लागतो. दाराच्या खांबावरच्या पट्टीत दोन आकडे असतात : कमी माणसांसाठी एक आणि भरलेल्या गाडीसाठी दुसरा. नागपूरला जाताना दुसरा घ्या. हवा टायर थंड असताना, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी राहिलेली असताना किंवा घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतल्या पंपावर भरायची. तापमान पाच-सहा अंशांनी बदललं की साधारण एक पीएसआय बदलतो. निफाडकडे थंडीत पारा ८ अंशांच्या खाली सहज जातो आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी ३८-४०. म्हणजे मेमध्ये नीट भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे काहीही गळती नसताना पाच पीएसआयने कमी भरते. चालून तापलेल्या टायरमध्ये आकडा चार-पाचने वाढलेला दिसला तर तो तसाच राहू द्या. समृद्धीवरच्या पंपावर ‘जास्त आहे’ म्हणून काढलेली हवा थंड झाल्यावर कमी पडते. नायट्रोजन भरून घ्यायचा तर घ्या, पण साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरलाय म्हणून तपासणी टळत नाही. दर पंपाचं गेज वेगळं दाखवतं, तेव्हा स्वतःचं एक ठेवा.

ज्यांनी आधीच मिसळलेले टायर लावलेत त्यांनी घाबरून जायचं कारण नाही. चारही टायरवरची अक्षरं कागदावर लिहा. खालच्या अक्षराची जोडी मागे असेल आणि दोन्ही जोड्यांची नक्षी साधारण सारखी असेल तर चाकं पुढे-मागे बदलून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. एकाच धुरेवर दोन अक्षरं असतील तर आधी जोडी जुळवा, मग पुढे-मागेचं बघा. हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा चाकाच्या फिरण्यावरून अंदाज बांधणारी असेल तर टायर बदलल्यावर ती पुस्तिकेप्रमाणे रीसेट करावी लागते, नाहीतर दिवा उगाच लागतो किंवा लागायला हवा तेव्हा लागत नाही.

चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीला हे पुढे-मागेचे डाव लागू नाहीत. तिथे पुढच्या-मागच्या टायरच्या घेरात थोडासा फरक पडला तरी मधली यंत्रणा सतत झुंजत राहते आणि तापते, म्हणून चारही एकसारखेच. कंपनीने ‘व्ही’ किंवा ‘डब्ल्यू’ दिलेल्या मोठ्या गाड्यांत दोन अक्षरं खाली उतरण्याचा मोह टाळा, तिथे फरक खरोखर हाताला लागतो. उलट वर चढणं, म्हणजे ‘टी’च्या जागी चारही ‘एच’, याला हरकत नाही. थोडं कडक लागेल, पैसे थोडे जास्त जातील, बस. भाराचा आकडा मात्र कंपनीने दिलाय त्याच्या खाली कधीच नको, अक्षर कितीही वरचं असलं तरी. ८८च्या जागी ८४ म्हणजे एका टायरमागे ५६०चे ५०० किलो झाले. आणि ज्यांची स्टेपनी बाकी टायरपेक्षा लहान आहे, तिच्यावर ८०चा आकडा छापलेला असेल तर तो दुकानापर्यंत पोहोचण्यासाठीचा वेग आहे. अक्षर काहीही असलं तरी त्या चाकावर नागपूर गाठायचं नाही.

तुमच्या टायरवाल्याशी मात्र भांडू नका. त्याच्याकडे जे होतं ते त्याने दाखवलं. त्यालाच ‘८८एच’ मागवायला सांगा, पुढच्या फेरीच्या निदान आठ दिवस आधी बसवून घ्या, आणि बसवल्यावर सिन्नरला जाऊन या. ते साठेक किलोमीटर झाले की गाडी गार होऊ द्या आणि चारही चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा एकदा तपासून घ्या. त्याच वेळी स्टेपनीतली हवाही बघा. साडेचार वर्षांत तिला कुणी हात लावलेला नसेल, तर तिच्यात निम्मीसुद्धा उरलेली नसण्याची शक्यता आहे.